मंडप उतरवायला कुणी सांगितलं नाही

मंडप बांधायला चार माणसांना तीन तास लागतात आणि उतरवायला एक. त्यावरून लोकांना वाटतं की बांधणं अवघड. तसं नसतं. अवघड असतं ते उतरवणं. लग्नाचा मंडप जरा लवकर सोडायला घेतला की मुलीचा बाप कावतो, "तात्या, पाव्हणं अजून पंगतीत हायत, तुमाला कसली घाई?" आणि दोन दिवस राहू दिला तर त्याच घरातली म्हातारी म्हणते, "लेक नांदाय गेली, आता ह्ये कापड बघवत न्हाय, काढा बरं." कुणाचं ऐकायचं? म्हणून आमच्या घरात एक रीत आहे. ज्यानं सुपारी दिली त्यानंच 'उतरवा' म्हणायचं. दुसऱ्या कुणी सांगितलं, अगदी घरच्या जावयानं सांगितलं, तरी गाठ सोडायची नाही.

सुपारी म्हणजे खरोखरची सुपारी. काम ठरलं की यजमान ती माझ्या हातावर ठेवतो, मी माइकच्या पेटीत टाकतो, आणि मंडप उतरला की ती यजमानाला परत देतो. सुपारी परत गेली म्हणजे काम फिटलं. वडिलांपासून चालत आलेलं आहे हे. मी पंचवीस वर्षांत इंदापूर तालुका सगळा पालथा घातला, बारामतीच्या बाजूला सुप्यापर्यंत आणि वडगाव निंबाळकरपर्यंत बांबू टाकले. लग्नं, बारशी, कारखान्याच्या सभा, डोळ्यांची शिबिरं, सगळं केलं. सगळ्यांच्या सुपाऱ्या परत गेल्या. एकच राहिली. ती देणारं सरकार होतं.

चौऱ्याण्णव सालचा पितृपंधरवडा. मंडपवाल्याला या पंधरा दिवसांत काम नसतं. मी आणि गेनबा दुकानात बसून उसवलेल्या झालरी शिवत होतो. गेनबा माझ्याकडं वीस वर्षं गाठी मारणारा माणूस. घरची मेंढरं त्याच्या बापाच्या काळातच गेली, पण खांद्यावरची घोंगडी काही गेली नाही. सुरतेत प्लेग आल्याची बातमी पेपरात आली आणि दोन दिवसांत आमच्याकडं लोक नाकाला रुमाल बांधून फिरायला लागले. मेलेला उंदीर दिसला की गल्ली ओस. आमच्या भागातली बरीच तरणी माणसं तेव्हा सुरतेला कापडाच्या गिरण्यांत कामाला होती. ती मिळेल त्या गाडीनं गावाकडं परतायला लागली होती, आणि गावं त्यांना बघून दारं लावून घ्यायला लागली होती.

अशात एक जीप दुकानासमोर थांबली. खिशाला तीन पेनं लावलेले एक साहेब उतरले. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही, माणूस वाईट नव्हता.

"उद्या सकाळी दहाच्या आत हायवेला मंडप हवा. डाळजच्या अलीकडं मोकळी जागा आहे, तिथं. पुण्याकडून येणारी प्रत्येक गाडी थांबवून माणसं तपासायची आहेत."

"किती दिवसांसाठी साहेब?"

"साथ संपेपर्यंत."

"साथ संपली हे आम्हाला कोण सांगणार?"

"आम्ही सांगू ना," साहेब हसले.

मी रीत सांगितली. त्यांनी ड्रायव्हरला शेजारच्या टपरीवर पिटाळलं, सुपारी आणवली, आणि देवापुढं ठेवावी तशी माझ्या हातावर ठेवली. मला बरं वाटलं. सरकारसुद्धा आपली रीत पाळतं म्हटल्यावर कुणालाही बरं वाटेल.

मग मी विचारलं, "कापड कसलं लावायचं?" बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, आमच्याकडं कापड दोनच जातीचं. लग्नाकार्याला रंगीत, सोनेरी झालरीचं. दहाव्याला, श्रद्धांजलीला पांढरं. यात चूक चालत नाही. साहेबांनी जरा विचार केला. "समोरून रंगीत घ्या, फोटोत उठून दिसलं पाहिजे. आतून पांढरं लावा, दवाखाना वाटला पाहिजे."

साहेब गेल्यावर गेनबा म्हणाला, "तात्या, ह्ये लगीन हाय का दहावा हाय?"

मी दोन्ही जातीचं कापड काढून ठेवलं. 

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत मंडप उभा. समोर लाल-पिवळी झालर, आत पांढरं छत, दहा खाटा, खाटांवर धुतलेल्या चादरी, एक लांब टेबल, त्यावर कॅप्सूलचे डबे ओळीनं, आणि कमानीवर फलक. फलकावर 'प्लेग' हा शब्द सगळ्यात मोठा आणि 'घाबरू नका' त्याच्या निम्म्यानं. मी रंगाऱ्याला म्हटलं, उलटं करायला पाहिजे होतंस. तो म्हणाला, साहेबांनी कागदावर असंच दिलंय.

भोंगा मी बांधला. पुण्याहून सूचनांची कॅसेट आली होती, पण ती इतकी घरघरायची की शब्द कळेना. साहेब म्हणाले, "तात्या, तुम्हीच बोला. तुमचा आवाज लोकांच्या ओळखीचा आहे." ते खरं होतं. पंचक्रोशीतल्या लग्नांत 'वऱ्हाडी मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं' हे मीच म्हणत आलोय. त्यांनी एक कागद दिला, त्यावर चार वाक्यं. घाबरू नका, शासन तुमच्या पाठीशी आहे. सुरतेहून आलेल्यांनी ताप असल्यास लपून राहू नये. मंडपात यावे. डॉक्टर येथे हजर आहेत. दर अर्ध्या तासानं हे म्हणायचं. हायवेच्या कडेलाच धरणाचं पाणी पसरलंय, भोंग्याचं तोंड मी तिकडं केलं होतं. धरणाच्या पाण्यावरून आवाज लांब जातो, पलीकडच्या वस्त्यांवरही ऐकू जातो.

पहिले पाच दिवस यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितोय. दोन तरुण डॉक्टर आणि एक नर्सबाई होत्या. एसटी थांबायची, माणसं खाली उतरायची, डॉक्टर प्रत्येकाच्या काखेत बोटं घालून गाठ आहे का बघायचे. उन्हात घामाघूम व्हायचे, पण कुणावर खेकसले नाहीत. आम्हा मंडपवाल्यांनाही त्यांनी कॅप्सूल दिल्या आणि गिळल्याशिवाय सोडलं नाही. माझ्या मनात आलं, आपल्या बांबूंना आजवर एवढं चांगलं काम मिळालं नव्हतं.

चौथ्या दिवशी मुंबईहून मोठे पाहुणे येणार म्हणून धावपळ उडाली. तोवर खाटेवर झोपवावा असा एकही रोगी सापडला नव्हता. ही आनंदाची गोष्ट, पण साहेबांचा चेहरा उतरलेला. "सगळ्या खाटा रिकाम्या दिसल्या तर म्हणतील, खर्च कशाला केला. सगळ्या भरलेल्या दिसल्या तर म्हणतील, साथ पसरली." शेवटी तीन खाटा भरलेल्या असाव्यात असं ठरलं. नर्सबाईंना ते आवडलं नाही, त्या तोंड फिरवून बसल्या. दोन माणसं जीपमधली घेतली, तिसरा गेनबा. त्याला जुना खोकला होता, म्हणजे अगदीच खोटं नाही असं साहेब म्हणाले.

पाहुणे आले. पंधरा मिनिटं थांबले. फोटोवाले पाठीमागून चालत होते. गेनबाच्या खाटेशी ते थांबले, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "काळजी करू नका बाबा, आम्ही आहोत." मी माइकपाशी उभा राहून हसू दाबत होतो. गाड्या निघून गेल्या, तरी गेनबा काही उठेना. जवळ जाऊन बघतो तर त्याच्या डोळ्यांत पाणी.

"काय झालं रे?"

"काय न्हाय तात्या. कपाळाला हात कुनी लावलाच न्हवता कंदी. आय गेल्यापासनं." मग उठून बसला. "खोकला बी जरा कमी वाटतुया."

आता बोला. हात खोटा होता की खरा होता? मी त्या दिवसापासून गोंधळात पडलो तो पडलोच.

सहाव्या दिवशी दुपारी पथकानं डबे जीपमध्ये भरले. पेपरात साथ ओसरत आल्याचं यायला लागलं होतं, गाड्याही सरसकट थांबवायचं बंद झालं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, "उद्या किती वाजता?" ते म्हणाले, "बघू. साहेब कळवतील." जीप गेली. टेबल मोकळं झालं.

मी इंदापूरला ऑफिसात गेलो. साहेब दौऱ्यावर. तिथल्या कारकुनानं फाइल उलटीपालटी केली आणि म्हणाला, "मंडप उतरवण्याचा आदेश यात नाही."

"मग ठेवण्याचा आहे का?"

"तोही नाही." मग जरा मायेनं म्हणाला, "तात्या, तुम्ही उतरवला आणि उद्या पेपरात आलं की सरकारनं गाशा गुंडाळला, तर ते तुमच्यावर येईल. राहू द्या. आवाज पण चालू ठेवा, पत्रकार येतायत अधूनमधून."

एव्हाना तुम्ही म्हणाल, हा माणूस नंदीबैल आहे का? डोकं नाही? डोकं होतं. पण आमच्या धंद्यात यजमानानं दिलेला कागद वाचायचा असतो, स्वतःचं काही बोलायचं नसतं. लग्नात मुलाकडच्यांनी 'उच्चशिक्षित' म्हणायला सांगितलं तर मी म्हणतो, मुलगा दहावी नापास आहे हे मला माहीत असतं तरी. त्या सवयीनं मी दोन दिवस, दर अर्ध्या तासानं, मोकळ्या टेबलाशेजारी उभा राहून म्हणत राहिलो, डॉक्टर येथे हजर आहेत. ऐकायला तरी कोण येणार आहे, असं मनाशी म्हणायचो.

मंडपाच्या आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास हायवेच्या पलीकडं बैलगाडी थांबली. गाडीवान खाली उतरलाच नाही. एक बाई उतरली, मागून तिच्या खांद्यावर भार टाकत एक पंचविशीचा माणूस. ते रस्ता ओलांडायच्या आतच गाडी वळून गेलीसुद्धा.

बाईनं त्याला पहिल्या खाटेवर आडवं केलं. मग पदरानं तोंड पुसून माझ्याकडं बघितलं आणि हसली. "तुमीच बोलताय न्हवं? म्या वळीखला आवाज. आमच्या लग्नात बी तुमीच व्हता."

तिचं नाव हिरा. पाण्याकाठच्या एका वस्तीवरची. नवरा मारुती सुरतेला कापड रंगवायच्या गिरणीत होता, आठ दिवसांपूर्वी आला, चार दिवस तापानं फणफणलेला. वस्तीवरच्यांनी त्याला लांब रानातल्या खोपटात ठेवलं होतं, भाकरी दगडावर ठेवून मागं सरायचे. "ह्यो यायाच तयार न्हवता. म्हनायचा, तितं न्हेऊन मारून टाकत्यात. पन तुमचा आवाज रोज याचा वाऱ्यावर. लपू नका, डाक्टर हायत. म्या म्हनलं, ह्यो मानूस खोटं कशापायी बोलंल. म्हून आज दिराच्या हातापाया पडले, गाडी जुपाय लावली."

मी विचारलं, "आधी दवाखान्यात नाही का गेलात?"

"ग्येलो की. तितनं हितं धाडलं. सुरतंचा ताप आसंल तर हायवेच्या मंडपात न्ह्या म्हनले."

हेही खरं होतं. आसपासच्या दवाखान्यांना तशीच सूचना होती, म्हणजे संशयित रोगी इतरांत मिसळू नये. सूचना शहाणपणाचीच होती, मंडपात डॉक्टर असेपर्यंत.

मारुतीचा श्वास लागत होता. दर थोड्या वेळानं तो खोकायचा आणि छाती धरायचा. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मी रुमाल नाकाला बांधला. गेनबानं नाही बांधला. त्यानं पाणी पाजलं, ओलं फडकं कपाळावर ठेवलं, आणि घोंगडीच्या कोपऱ्यातून चार कॅप्सूल काढल्या. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी दिलेल्या, ह्या बाबानं खोकल्याला म्हणून राखून ठेवलेल्या. दोन मारुतीला गिळायला लावल्या.

हिरा टेबलाकडं बघून म्हणाली, "डाक्टर कुठं गेलं?"

इथं मी एक वाक्य बोलायला हवं होतं. बाई, डॉक्टर परवाच गेले. एवढंच. पण दोन दिवस जे तोंड उलटं बोलत होतं, त्यातून ते निघेना. मी म्हणालो, "येतील. एवढ्यात येतील."

गेनबाला सायकलवर भिगवणला पिटाळलं, फोन करायला. माझी मॅटडोर नवरात्राचं सामान घेऊन बारामतीला गेली होती, दुपारी यायची होती. तोवर मी रस्त्यावर उभा राहून गाड्यांना हात करायला लागलो. एक टेम्पो हळू झाला. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या डोक्यावरच्या फलकाकडं, आणि असा काही पळवला की मागचा धुरळा बराच वेळ खाली बसला नाही. दुसऱ्यानं तेच केलं, तिसऱ्यानंही. मी शिडी आणून फलक उतरवायला हवा होता. ते मला सुचलं रात्री, घरी अंथरुणावर पडल्यावर.

गेनबा तासानं धापा टाकत आला. "लागला फोन. त्ये म्हनले, पथक निघालंय."

माझा जीव भांड्यात पडला. मी धावत जाऊन हिराला सांगितलं, "निघालेत, वाटेवर आहेत." आणि सवयीनं माइकवरही म्हणालो, डॉक्टर येत आहेत. कुणाला सांगत होतो कोण जाणे. बारा वाजले, साडेबारा वाजले. पथक कुठून निघालं, कुठं गेलं, की निघालंच नव्हतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. फोनवरचा माणूस खोटं बोलला असंही मी म्हणत नाही. त्याच्यापुढंही एखादा कागद असेल.

मारुतीनं एकदा डोळे उघडले आणि छताकडं बघत बायकोला म्हणाला, "पांढरं का लावलंय गं?"

ती म्हणाली, "दवाखाना हाय न्हवं ह्यो. पडून ऱ्हावा."

एक वाजून गेल्यावर मॅटडोर आली. ड्रायव्हर माझा पुतण्याच, तरीही कां कू करायला लागला. मी त्याच्या हातातून चावी घेतली. मागच्या हौद्यात सतरंज्यांवर मारुती, त्याचं डोकं हिराच्या मांडीवर, पायाशी गेनबा. मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी एका मिनिटात त्याला आत घेतलं, ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या. काही म्हणजे काही कमी केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मारुती गेला.

मी त्या डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. "साहेब, तीन तास आधी आणला असता तर?"

 "सांगता येत नाही," ते म्हणाले.

"प्लेग होता का?"

"रक्त तपासायला पाठवलंय. छातीचा दुसरा आजारही असू शकतो. सांगता येत नाही." मग म्हणाले, मंडपातल्या खाटेवरची चादर जाळून टाका आणि तुम्ही तिघंही गोळ्या घ्या. मी चादर जाळली. रक्ताचा अहवाल आला की नाही, आला तर कुणाकडं आला, काही कळलं नाही. मी दोनदा विचारायला गेलो. दुसऱ्यांदा तिथल्या माणसानं विचारलं, तुम्ही मयताचे कोण? 

त्या दिवसापासून मी माइक बंद केला. मंडप मात्र तसाच उभा. साहेब भेटेनात, त्यांची बदली झाल्याचं कुणी म्हणे, कुणी म्हणे रजेवर आहेत. नवरात्र बसलं, मंडळांची पोरं रंगीत कापडासाठी दुकानात येऊन बसली, तेव्हा मी समोरच्या लाल-पिवळ्या झालरी काढून त्यांना दिल्या. सगळा मंडप उतरवला नाही, झालरी काढायला कुणाचा हुकूम लागत नाही, अशी मनाची समजूत घातली. हायवेला नुसतं पांढरं छत राहिलं. गाड्यांतली माणसं जाता जाता हात जोडायला लागली.

मारुतीच्या दहाव्याच्या दोन दिवस आधी हिरा त्या मंडपात आली. एकटी, चालत. मी आणि गेनबा बसलो होतो. तिनं कपाळ मोकळं केलं होतं. ती खाटेकडं गेली नाही, उभ्या उभ्याच छताकडं बघितलं.

"तात्या, दहाव्याला कापड पायजे. ह्येच द्या."

मी म्हणालो, "दुकानात नवं आहे, धुतलेलं. ते लावतो."

"न्हाय. ह्येच. त्येनं शेवटचं ह्येच बघितलं." तिनं पदराच्या गाठीतून सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. "हितलं उतरवा आता. हितं कोन येनार हाय?"

तिला आमची रीत माहीत नसावी. ती सरकारही नव्हती. पण पंधरा दिवसांत मला 'उतरवा' म्हणणारं ते पहिलं माणूस. मी गेनबाकडं बघितलं, तो तोवर पहिल्या बांबूची गाठ सोडायलाही लागला होता. वडिलांची रीत मी त्या दिवशी मोडली, आणि त्याचं मला काहीही वाटलं नाही, हे लिहून ठेवतो.

दहावा पाण्याच्या काठाला झाला. आमच्याकडं दहाव्याला भाषणं होतात, श्रद्धांजलीची. गावचा प्रत्येक लहानमोठा पुढारी दोन शब्द बोलल्याशिवाय जात नाही. ज्यांनी दगडावर भाकरी ठेवली होती तेही बोलले, मारुती किती मनमिळाऊ होता ते. मग तालुक्याहून आलेले एक कार्यकर्ते उठले. म्हणाले, शासनानं मारुतीला वाचवायची शर्थ केली, हायवेवर भव्य मंडप उभारला, डॉक्टर रात्रंदिवस उभे होते, शासन या कुटुंबाच्या पाठीशी आहे. लोक माना डोलवत होते. हिरा बायकांत खाली बघून बसली होती.

माइक माझाच. त्यांचं झाल्यावर मी तो हातात घेतला. आता पिंडाला कावळा शिवेपर्यंत शांतता राखावी, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मंडळी, मारुती आला तेव्हा मंडपात डॉक्टर नव्हते. दोन दिवस नव्हते. मी तरीही आहेत म्हणत होतो. माझं ऐकून तो आला आणि तीन तास पडून राहिला. हे माझ्या हातून झालं."

 कार्यकर्त्यांनी घड्याळात बघितलं. एक म्हातारा पुढच्याला म्हणाला, "काय म्हनला त्यो?" पुढचा म्हणाला, "माइकात बिघाड हाय." खरंच असं म्हणाला. मग कावळा शिवला, आणि सगळे पानं मांडायच्या गडबडीला लागले.

पंगती उठल्यावर हिरा माझ्याकडं आली. मी खाली मान घालून वायर गुंडाळत होतो. मला वाटलं, आता ही बोलेल ते ऐकून घ्यायचं, वर बघायचं नाही.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

मी वर बघितलं.

"आल्याआल्याच दिसलं की. टेबल मोकळं, डबं न्हाय, बाई न्हाय. डाक्टर हाय म्हनल्यावर कायतरी पसारा नगं का?"

"मग बोलली का नाहीस? परत का नाही गेलीस?"

"कुठं जानार? खोपटात?" तिनं गेनबाकडं बघितलं. "तितं सावली व्हती. खाट व्हती. ह्या बाबानं पानी पाजलं. आन् तुमी म्हनत व्हता, येत्याल, येत्याल. मला ठावं व्हतं न्हाय येनार. पन त्याला न्हवतं ठावं. त्येला खरं वाटत व्हतं. वस्तीवर तेवढं बी कुनी म्हनत न्हवतं त्येला."

मग तिचा आवाज बदलला. "पन तुमी रस्त्याव नाचन्यापरीस ती पाटी काढली आसती, तर गाडी थांबली आसती एखांदी."

म्हणजे तेही तिनं बघितलं होतं. मला रात्री सुचलं ते तिला तिथंच कळलं होतं, फक्त मंडप तिचा नव्हता म्हणून ती बोलली नव्हती. तिनं मला माफ केलं की माझ्या पदरात माप घातलं, याचा पाच वर्षं मी विचार करतोय. दोन्ही एकाच दमात कसं करता येतं मला समजत नाही. आता पोलिओच्या डोसाचे मंडप मी बांधतो तेव्हा उतरवायची तारीख आधी कागदावर मागतो, आणि 'डॉक्टर हजर आहेत' म्हणायच्या आधी मागं वळून बघतो. साहेब लोक हसतात. हसू देत.

त्या दिवशी ती शेवटी म्हणाली, "उतरवा आता. तुमाला बी जायाचं आसंल लांब."

गेनबानं छत सोडलं, घडी घातली. मी माइकची पेटी उघडली, तिची सुपारी परत द्यायला. पेटीत दोन सुपाऱ्या होत्या. दोन दिवस मॅटडोरमध्ये एकत्र हिंदकळून दोन्ही सारख्याच दिसत होत्या. साहेबांची कुठली आणि तिची कुठली, मला ओळखता येईना. मी पेटी तशीच तिच्यापुढं धरली. तिनं वाकून बघितलं, एक उचलली आणि पदराला बांधली.

दुसरी अजून पेटीतच आहे.